नरसाळ्यावरचं कातडं

ती फिर्याद मला अजून जशीच्या तशी आठवते. निजामाच्या राजवटीत मी अंबडच्या ठाण्यावर अमीन होतो, म्हणजे आजचा फौजदार. एक तरुण शेतकरी सकाळीच ठाण्यात आला. बाळंतपणात अडलेल्या बायकोला तो भाड्याच्या मोटारीने जालन्याच्या दवाखान्यात नेत होता. मोटार माळावर बंद पडली ती पडलीच. बैलगाडी मिळेपर्यंत बाई आणि पोटातलं मूल, दोघंही गेली. ड्रायव्हरने मोटार मुद्दाम बंद पाडली, असं त्याचं म्हणणं.

दुपारी खबऱ्याने सांगितलं, की निघताना शेतकऱ्याची आणि ड्रायव्हरची तोंडातोंडी झाली होती. झालं, मला हेतू सापडला. ड्रायव्हरला कोठडीत टाकलं. गुन्हा शाबीत झाला असता तर त्याची निम्मी जिंदगी तुरुंगात गेली असती.

मोटार बैलांकरवी ठाण्यावर ओढून आणली आणि जालन्याहून मिस्त्री बोलावून पंचांसमोर इंजिन खोललं. त्याने प्लग काढून ठिणगी पाहिली, पातळ पट्ट्या घालून फट मोजली. सगळं बराबर होतं. मग कार्बोरेटरमधलं पेट्रोल त्याने काचेच्या पेल्यात ओतलं. वर पेट्रोल, खाली पाणी! त्या काळी पेट्रोल डब्यांतून यायचं आणि तळाशी पाणी असायचं. म्हणून नरसाळ्यावर मऊ कातडं ताणून ते गाळत. पेट्रोल हळूहळू उतरायचं, पाणी वरच राहायचं. ड्रायव्हरच्या हत्यारांच्या पेटीत ते कातडं होतं, अगदी धड, कुठे फाटलेलं नाही. म्हणजे पेट्रोल न गाळताच ओतलं होतं.

मी त्याला खोदून खोदून विचारलं, दटावलं, शिव्याही घातल्या. तो खाली मान घालून एवढंच म्हणे, की चुकलं, काय लिहायचं ते लिहा. गुन्हेगार निदान सबबी तरी सांगतो. हा एकही सांगेना, तेव्हा माझं डोकं भणभणलं.

मोटारीत बाईसोबत गावची सुईण होती. तिच्या घरी जाऊन जबानी घेतली.

"ड्रायव्हर गाळून राह्यला होता," ती म्हणाली. "बाईच्या नवऱ्याला दम निघंना. त्यानंच कातडं ओढून फेकलं अन् डबा वतला."

तोंडातोंडी झाली ती ह्यावरून. परत येऊन मी ड्रायव्हरला विचारलं, अरे, मग बोलला का नाहीस?

"त्याचं घर बुडालं, साहेब. जल्दी केली ती बायकोसाठीच केली. मंग हे बी त्याच्याच डोक्यावर टाकू?"

त्याचं म्हणणं मला पटलं. पण निरपराध माणूस डांबून ठेवता येत नव्हता. फिर्यादीला बोलावून सुईणीची जबानी वाचून दाखवली. त्याने पेला पाहायला मागितला. तो उजेडाकडे धरून त्याने तळाचं पाणी पाहिलं. ड्रायव्हर गजाआडून म्हणाला, "पाणी डब्यातलं होतं, भाऊ. तुम्ही न्हाई घातलं."

आरोपी गप्प बसला की तो स्वतःला वाचवतोय, असं आम्ही पोलीस धरून चालतो. त्यानंतर मी तसं धरलं नाही.

मिस्त्रीने टाकी धुऊन दिली. ड्रायव्हर सुटला आणि फिर्यादीला गावी सोडायला तोच निघाला. ठाण्यासमोर त्याने नरसाळं लावलं. कातडं दोन्ही हातांनी ताणून धरलं होतं फिर्यादीने, आणि सगळा डबा गाळून होईपर्यंत तो जागचा हलला नाही.