लेकीच्या नावाचं बिल

"साक्री गयं," ते बोलता बोलता मधेच म्हणायचे. डोळे मिटलेले, हनुवटी किंचित वर. मसाल्याचं पोतं सकाळच्या ट्रकने सुरतेला निघालेलं असायचं आणि हे धुळ्यात आमच्या बाकावर बसून त्याच्याबरोबर प्रवास करायचे. थोड्या वेळाने पुन्हा, "आते नवापूर वनं व्हई."

मी तेव्हा विक्रीकराचं काम पाहणाऱ्या एका वकिलांकडे नोकरीला होतो. या मसालेवाल्या अशिलाला सगळे आबा म्हणत, मीही म्हणायचो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कामाला म्हणून येतात आणि खिडकीतून कुठेतरी निघून जातात. वकील वैतागायचे. मला मात्र आबा आले की बरं वाटायचं. त्यांच्या सदऱ्याला भाजलेल्या खोबऱ्याचा वास असे आणि पंखा लावला की तो आमच्या फायलींनाही लागायचा.

मसाला जायचा त्यांच्या मुलीकडे. जावयाची गिरणी बंद पडली होती. सुरतेत खानदेशी माणसं भरपूर, त्यांना हाच मसाला लागे. ती तो घरून विकायची आणि त्यावर तिचं घर चालायचं. आबा पोतं पाठवायचे ते लेकीला म्हणून. त्याचं ना बिल, ना पैसे.

मग एकदा सरहद्दीच्या नाक्यावर पोतं अडलं. विकायचा माल राज्याबाहेर चाललाय, तर बिल कुठे, केंद्रीय विक्रीकराचा नंबर कुठे? वकिलांनी समजावलं, "आबा, नंबर आपण काढू. तुम्ही मुलीच्या नावाने बिल करा. तिनेही तिकडे नोंदणी करून सी फॉर्म पाठवला की कर कमी बसेल. यात अवघड काही नाही."

आबा ताडकन उठले. "मनी पोरले बिल फाडू? भाऊ, आमी तिना घरनं पानीबी पेतस नही."

ते अगदी खरं होतं. सुरतेला गेले तरी ते ओसरीवर बसत, बरोबर नेलेल्या तांब्यातलं पाणी पीत आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरत. लेकीला द्यायचं, तिचं घ्यायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. आणि या रीतीपायी तिचाच धंदा बसायची वेळ आली होती, कारण मसाला मिळेना तशी गिऱ्हाइकं दुसरीकडे वळू लागली होती. मला आबांचा राग यायचा आणि त्यांच्या तोंडाकडे बघवायचंही नाही.

शेवटी मुलगीच धुळ्याला आली. आमच्यासमोरच म्हणाली, "आबा, तुम्ही फुकट देतस, मंग मी लोकेसले काय सांगू? बाप पोसस म्हनीसन? माले बिल द्या. मीबी धंदा करस."

आबांनी डोळे मिटले. या खेपेला ते कुठल्या रस्त्याने गेले, देव जाणे. परत आले तेव्हा हळूच विचारलं, "बिलवर तिले काय म्हनू?"

वकिलांनी तिच्या नावाआधी 'मेसर्स' लिहिलं. आबांना शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता, पण लेकीच्या अंगावर नवा दागिना पाहावा तसे ते त्या बिलाकडे पाहत राहिले. मला तेव्हा ते फार आवडले.

पोती पुन्हा जाऊ लागली.

आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला मात्र ते आठवतात ते सुरतेहून परतलेल्या दुपारचे. मुलीचा सी फॉर्म वेळेत आला नाही, म्हणून तो आणायला ते स्वतः गेले होते. गाडीतून उतरून थेट ऑफिसात आले, फॉर्म वकिलांच्या टेबलावर ठेवला आणि माझ्याजवळ येऊन बसले.

"भाऊ, तिना घर च्या पी लिधा."

मी बघतच राहिलो.

"पोरना घर नही. गिऱ्हाईकना घर. व्यापारी मानूसले चालस."

मग म्हणाले, "साखर भलती टाकस ती. माले माहीतच नव्हतं."