मुंग्या गेलेलं चित्र

गेम दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. मशीन परत बंद केल्यावर उरलेले स्क्रू आणि किस्से. स्क्रू कुठल्या मशीनमधला, हे विशालला सांगता येत नाही. किस्सा कोणाचा, हे मला सांगता येतं.

विशाल म्हणजे माझा नवरा. (चारचौघांत मी 'हे' म्हणते. लिहिताना चालतंय.) आपण लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचो ते जुने व्हिडिओ गेम तो उघडतो, आत बोटाएवढा बोर्ड बसवतो आणि मागच्या पिवळ्या पिनेऐवजी एचडीएमआयची वायर काढून देतो. सेटटॉप बॉक्सला असते ना, तीच चपटी. मग तोच गेम नव्या टीव्हीवर स्वच्छ दिसतो. यासाठी त्याने तळेगावच्या कंपनीतली नोकरी सोडली. हे मला हळदीच्या दिवशी कळलं. तेव्हा अंगभर हळद असल्याने काही बोलता आलं नाही!

दुकान म्हणजे कुसगावातल्या आमच्या घराचा पुढचा गाळा. गाळा सासूबाईंच्या, म्हणजे आईंच्या नावावर. त्यांचा धाकटा भाऊ, रमेशमामा, चिक्की विकतो आणि त्याला दुसरं दुकान इथेच हवंय. लग्नानंतर चारच दिवसांनी आईंनी निकाल दिला, "दसऱ्यापातूर बगते. तवर तुझ्या खेळण्यांचं काय झालं तर ठीक, न्हाईतर गाळा रमेशला." विशाल मान डोलावून परत मशीनमध्ये शिरला. काळजी करायचं काम माझ्याकडे आलं.

*

पहिल्याच आठवड्यात विशालचा फोन मी उचलला. पलीकडून कोणीतरी घाईत म्हणालं, "वहिनी, मुंग्या गेल्या का?"

आमच्या ओट्यावर तेव्हा खरंच मुंग्या झाल्या होत्या. मला वाटलं, किती मायेची माणसं आहेत इथली!

"हो, गेल्या. काल खडू ओढला मी सगळीकडे."

पलीकडून एकदम बारीक आवाजात, "मशीनवर?"

टीव्हीवर जे काळे-पांढरे ठिपके वळवळतात, त्यांना या धंद्यातही मुंग्याच म्हणतात, हे मला विशालने संध्याकाळी सांगितलं. आधी तो पोटभर हसला.

*

तुंगार्लीच्या बंगल्यातले एक साहेब. भिंतीएवढा टीव्ही. पंचवीस वर्षं माळ्यावर पडलेला गेम त्यांनी विशालकडून करून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तो हातात घेऊन हजर!

"काहीतरी चुकलंय. हिरोला तोंडच नाही. नुसते सहा चौकोन दिसतात!"

विशाल शांतपणे म्हणाला, "साहेब, तो पहिल्यापासून तसाच होता. तुम्हाला आत्ता दिसला."

हे वाक्य मी जपून ठेवलंय. लग्न होऊन फार दिवस झाले नाहीत, पण लागेल असं वाटतंय.

*

कान्हे गावचे एक गिऱ्हाईक आहेत, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, रेल्वेतून रिटायर झालेले. नातवासाठी म्हणून गेम आणला, पण दुकानात बसून खेळून बघितला स्वतःच. चित्र सुंदर आलं होतं. फक्त दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या.

"ही दोन्ही अंगं बंद पडल्याती व्हय?"

विशालला इथे भाषण द्यायचा मोह होतो. जुना टीव्ही जवळजवळ चौकोनी असायचा, चित्र त्या मापाचं, ते ताणलं की बिघडतं, बनवणाऱ्याचा अपमान होतो वगैरे. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं.

"पोरा, म्या टीव्ही त्रेचाळीस इंची घेतलाय. त्यातला तू मला निम्मा दावतोस!"

शेवटी विशालने तोंड पाडून चित्र ताणलं. पडद्यावरची सगळी माणसं आडवी वाढली, गालबिल सुटले. भाऊ एकदम खूश!

"आत्ता कसं खात्यापित्या घरचं वाटतंय!"

ते गेल्यावर विशाल धुसफुसत पुढच्या मशीनमध्ये शिरला. आई मात्र दारातून म्हणाल्या, "मानूस शाना हाय." दुकानातल्या गिऱ्हाइकाबद्दल त्या पहिल्यांदाच काही बोलल्या होत्या. पण दसरा तीन आठवड्यांवर आला होता आणि रमेशमामाने चिक्कीची काचेची कपाटं बघून ठेवली होती.

*

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा असते. आईंनी विळा, कोयता, कुऱ्हाड मांडली, आणि बहुतेक मुलावर अन्याय नको म्हणून दुकानातली हत्यारंही पुजली. सोल्डरिंग आयर्न, मीटर, स्क्रूड्रायव्हर, आणि शेजारी तयार होऊन पडलेलं एका गिऱ्हाइकाचं मशीन. हळद-कुंकू सढळ हाताने.

संध्याकाळी विशालने मशीन लावलं, तर चित्र गुलाबी! आकाश गुलाबी, झाडं गुलाबी, हिरो गुलाबी. तासभर बोर्ड तपासला. मग बॅटरी मारून वायर लावायच्या खाचेत बघितलं. आत कुंकू.

"आई, हे काय केलंस गं?"

"कुक्कू लावल्यावर रंग येनारच की!"

ब्रशने एकेक कण काढत विशाल बसला. मी बॅटरी धरली. उद्या दसरा, हा विषय दोघांनीही काढला नाही.

*

दसऱ्याला सकाळी विशाल तेच मशीन पोचवायला लोणावळ्यात गेला. जाताना दुसरं एक तपासायला लावून गेला. पिस्तुलाने उडती पाखरं टिपायचा गेम. याची एक गंमत आहे. हे पिस्तूल सपाट टीव्हीवर चालत नाही, चित्र कितीही स्वच्छ करा. त्याला पाठीला कुबड असलेला जुना डबा टीव्हीच लागतो. तसला एक गाळ्याच्या मधोमध ठेवलेला आहे.

आई तोरण लावायला आल्या आणि पडद्यासमोर थांबल्या.

"ही पाखरं कशावर उतरत्यात?"

"गवतावर, आई."

"गवत कसलं? भात हाय त्यो. पोटरीत आलेला, आता लोंबी भायेर पडंल."

त्यांचं निम्मं आयुष्य इंद्रायणी भात राखण्यात गेलंय, हातात गोफण घेऊन. तोरण माझ्या हातात आलं आणि पिस्तूल त्यांच्या. पहिली दोन पाखरं सुटली. तिसऱ्यापासून एक सुटेना! "आली, आली बग, डावीकडनं!" मला आधी वाटलं, मलाच सांगतायत. त्या पाखरांना दम देत होत्या.

तेवढ्यात रमेशमामा आला. हातात आपट्याची पानं आणि मोजमापाची टेप. पानं टेबलावर ठेवून त्याने टेप ओढली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोजलं, मग दारापासून मोजलं. आईंनी मागे वळून बघितलं नाही. माझ्या हातातलं तोरण लोंबत होतं.

"बसतंय आक्का," मामा म्हणाला. "दोन कपाटं आरामात बसत्यात. ह्यो टीव्ही तेवढा हितनं हलवला की झालं."

आई वळल्या. पिस्तुलासकट.

"हलवून बग!"

मामाच्या हातातली टेप सर्रकन आत गेली.