अर्धा सूर खाली

मास्तर चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, तिथल्याच गायकवृंदाला शिकवायचे आणि दिवसा शाळेत संगीताचा तास घ्यायचे. तिन्हीकडे धाक एकच. त्यांची एक खोड होती. पहिलं कडवं ते वृंदाला ऑर्गनशिवाय गायला लावत आणि दुसऱ्याला मूळ पट्टीत दणक्यात ऑर्गन सुरू करत. गाणारे तोवर खाली घसरले असतील, तर ते चारचौघांत उघडं पडे. "लाज वाटल्याशिवाय सूर सुधारत नाही," मास्तर म्हणत. "त्यापेक्षा दाढ उपटून घेतलेली बरी," असं वृंदातला दणदणीत आवाजाचा न्हावी म्हणायचा. पण तालमीला सगळ्यांच्या आधी हजर तोच.

लेकीला मात्र ते झेपलं नाही. सोळाव्या वर्षी ती एकटीने कडवं गायली, घसरली, आणि सख्ख्या बापाने ऑर्गन मूळ पट्टीतच सुरू केला. लोक हसले. तिने गाणं सोडलं ते सोडलंच. बापाशी बोलणंही कामापुरतं उरलं. मधे आई होती, म्हणून घर चालत होतं.

आई गेली. अंत्यविधीला वृंद उभा राहिला, तेव्हा न्हाव्याशेजारी, आई जिथे उभी राहून गायची त्या जागेवर, लेक येऊन उभी राहिली. आज हिला पुन्हा उघडं पाडलं, तर ही कायमची तुटणार, हे त्यांना कळत होतं.

रडत गाणाऱ्यांचा सूर कुठला टिकतो! सगळेच उतरले, लेक सगळ्यांच्या आधी. मास्तरांचे हात सवयीने मूळ पट्टीवर गेले, थबकले, आणि अर्धा सूर खाली सरकले. ऑर्गन गाणाऱ्यांना अलगद येऊन मिळाला. न्हाव्याने चमकून मास्तरांकडे पाहिलं.

माणसं पांगल्यावर लेक ऑर्गनच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसली.

"आज कसे काय खाली उतरलात, बाबा?"

"तुझी आई जन्मभर खालीच गायली. म्हणून तिला न्हाव्याशेजारी उभी केली होती. त्याच्या आवाजात ती झाकून जायची. कुणाला कळू दिलं नाही मी. तिलाही नाही."

"तिला माहीत होतं," लेक म्हणाली. मग तिने विचारलं, "मला का नाही झाकलंत?"

मास्तर ऑर्गनच्या पट्ट्यांकडे बघत म्हणाले,

"ती मला सोडून जाईल अशी भीती वाटायची गं. तू कुठे जातेस, असं वाटलं."

लेक बाकावरून उठली नाही.