वाकडी करंगळी

टेलरमास्तरांच्या दुकानाला शटर नव्हतं, फळ्यांचं दार होतं. संध्याकाळी एकेक फळी खाचेत सरकवायची आणि शेवटची बसली की कडी घालायची. फळ्या लावायचं काम काकूंचं, म्हणजे मास्तरांच्या बायकोचं. दिवसभर काजं करून आणि हातशिलाई घालून बोटं आखडून जायची, तरी शेवटची फळी लोटण्याआधी त्या फटीत स्वतःची बोटं घालून बघायच्या. नवखं गिऱ्हाईक हसायचं. जुनं हसत नसे.

कारण त्यांचा मुलगा लंबू लहान असताना काकूंनी एकदा न बघताच फळी लोटली होती आणि फटीत त्याची डावी करंगळी होती. हाड सांधलं, पण वाकडं. मास्तर त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकूंना जन्मभर वाटत राहिलं. लंबूला मात्र त्याचं काहीच नव्हतं. त्या करंगळीत चहाचा कप अडकवून तो दुकानभर मिरवायचा. "आई, सगळ्यांना बोटं असतात, मला हूक आहे. टेलरच्या घरी जन्मून एवढं तरी मिळायलाच हवं!"

पोरगा ताडमाड वाढला. त्याच सुमारास गावाने आपल्या जनरलसाहेबांचा पुतळा चौकात उभारायचं ठरवलं. साहेबांनी मोठी लढाई जिंकली होती, चेहरा करारी होता, पण एव्हाना पोट सुटलं होतं. शिल्पकाराने त्यांच्या जुन्या मापाचा गणवेश मास्तरांकडे शिवायला टाकला आणि तो घालून बघायला दुकानात लंबूशिवाय होतं कोण? शिल्पकार बघतच राहिला. मग लंबू कितीतरी दिवस त्याच्या कारखान्यात स्टुलावर उभा राहिला, डावा हात तलवारीच्या मुठीवर ठेवून. शिल्पकार दिसेल तेच घडवणारा होता. करंगळी वाकडी दिसली, त्याने वाकडी घडवली.

पुतळ्याचा चेहरा जनरलसाहेबांचा झाला, बाकी सगळा लंबू. बाजारात बायका काकूंना "काय जनरलची आई!" म्हणून चिडवायच्या. काकू म्हणायच्या, "गळ्याखालची हो, गळ्याखालची!" आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसायच्या.

अंगावर चढलेला गणवेश पोराच्या डोक्यात शिरला. तो सैन्यात गेला. जनरलसाहेब पुढे घरच्या पलंगावर, नातवंडांच्या गराड्यात गेले. लंबू पुढच्या युद्धात कुठल्याशा नदीवर गेला आणि घरी आली ती त्याची पत्र्याची पेटी. देह सापडला नाही. त्या दिवसापासून काकूंना कुणी चिडवलं नाही.

काकू मग दुपारचा डबा चौकात जाऊन खाऊ लागल्या. पुतळ्याच्या तोंडाकडे त्या बघत नसत. डाव्या हाताकडे बघत घास गिळायच्या.

वर्षं गेली, शिल्पकार गेला, गाव लंबूला विसरलं. वाकड्या करंगळीला मात्र गावाने आपणहून गोष्ट चिकटवली. म्हणे साहेबांच्या बोटातून गोळी आरपार गेली, तरी त्यांनी तलवार सोडली नाही! ऐकून काकूंचे डोळेच विस्फारले. मास्तर कापडावरून मान न उचलता म्हणाले, "तू बोलू नकोस. खोट्याच्या आधाराने का होईना, पोरगा उभा आहे."

काकू बोलल्या नाहीत. मिठाची गुळणी धरून बसल्या.

मग एका दुपारी शाळेच्या बाई मुलांची रांग घेऊन पुतळ्यापाशी आल्या. गोळीची गोष्ट रंगवून सांगितली आणि शेवटी हात जोडून म्हणाल्या, "मुलांनो, असा हात जिच्या पोटी आला, धन्य ती आई!"

काकूंच्या हातातला घास हातातच राहिला. "बाई, ती आई मीच," त्या म्हणाल्या. आणि मग थांबवेना. फळी, हूक, स्टूल, नदी, सगळं सांगून झालं. कितीतरी वर्षांनी पोराचं नाव चारचौघांत घेतलं, म्हणून काकू हलक्या पावलांनी दुकानात आल्या. मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "काय केलंस गं हे!"

ज्या पुतळा समितीला कबुतरांची घाण पुसायला कधी सवड झाली नव्हती, तिची लगेच बैठक बसली. साहेबांच्या नातवाने निरोप पाठवला, "आजोबांची बोटं धड होती." करंगळी सरळ करायचं ठरलं. काकू अध्यक्षांच्या घरी गेल्या.

"अध्यक्षसाहेब, तोंड जनरलसाहेबांचंच राहू दे. मी एक बोट मागते."

"काकू, मला कळतं हो. पण इतिहासात चूक कशी ठेवायची?"

"मग गळ्याखाली सगळी चूकच आहे की!"

अध्यक्ष हसले. काकू हसल्या नाहीत.

शिडी लागली. कारागिराने करंगळी कापली आणि सरळ करंगळी जोडून दिली. काकू शिडीखाली पदर पसरून उभ्या होत्या. "ती जुनी मला दे रे बाबा." कारागीर बिचारा ओशाळला. "मावशी, दिली असती हो. पण धातू वजन करून परत द्यावा लागतो."

त्या संध्याकाळी मास्तर म्हणाले, "उद्या हे दार काढून टाकू. शटर बसवू. फार छळलं याने तुला."

"नको," काकू म्हणाल्या. "त्याचं बोट ओळखणारं आता एवढंच उरलंय." मग फळी उचलत म्हणाल्या, "दारानं मोडलं होतं, तरी ते त्याचंच होतं. आज मी पुरतंच घालवलं."

मास्तर याही वेळी एक अक्षर बोलले नाहीत. काकूंनी एकेक फळी लावली आणि शेवटच्या फटीत बोटं घातली. मास्तर कडी धरून उभे राहिले. रस्त्यावरचे दिवे लागले तरी काकूंनी बोटं बाहेर काढली नव्हती.