वरून प्यायलेला माटे

उरुग्वे देशात जीभ भाजून परत आलेला मेहकरातला मी पहिलाच माणूस आहे. (दुसरा कुणी असेल तर त्यानं जरूर घरी यावं. आपण बसू, बोलू. मला फार एकटं वाटतं!)

लोक दक्षिण अमेरिकेत डोंगर-धबधबे बघायला जातात. आम्ही सून बघायला गेलो. आमचा सिद्धू तिकडे मोंटेव्हिडिओत, म्हणजे उरुग्वेच्या राजधानीत, कॉम्प्युटरच्या नोकरीला आहे. तिथल्याच लुसिया नावाच्या मुलीवर त्याचा जीव जडला. हे त्यानं तिचा फोटो पाठवून फोनवर सांगितलं तेव्हा मी बसलेला होतो तो उठून उभा राहिलो आणि माझी बायको शीला उभी होती ती मटकन बसली. मग तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि एकच प्रश्न विचारला, "जेवते का रे पोरगी बरोबर? फोटोत लय बारीक दिसून राह्यली."

नातेवाइकांना आम्ही 'फिरायला चाललो' एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं. सिद्धूनं आधी आठवडाभर आम्हाला शेजारच्या अर्जेंटिनात, ब्यूनोस आयर्सला फिरवलं. त्याचा हुकूम एकच होता, घाई करायची नाही! त्या शहरात घाई कुणालाच नसते. एक कप कॉफी घेऊन माणूस सकाळपासून जेवणापर्यंत बसतो आणि कप उचलायला कुणी फिरकत नाही. शीलाला ते बघवेना. "आपल्या स्टँडवरच्या हॉटेलात असं बसलं असतं ना," ती म्हणाली, "तं पोऱ्यानं टेबल पुसता पुसता आपल्यालेच पुसून टाकलं असतं!" एका चौकात आमच्याच वयाचं जोडपं एकमेकांना बिलगून नाचत होतं. मी जरा टक लावून पाहिलं. (कलेचा आस्वाद म्हणून.) शीला म्हणाली, "पाहा, पाहा. त्याईले गुडघे नाईत का?"

मग बोटीनं मोंटेव्हिडिओला आलो. समुद्रासारख्या रुंद नदीच्या काठानं लांबच लांब रस्ता आणि त्यावर रमतगमत चाललेली माणसं. पाहतो तर काय, प्रत्येकाच्या काखेत थर्मास! तरुण पोरं, म्हातारे, सायकलवाले, कुत्रेवाले, सगळ्यांच्या काखेत थर्मास. आमच्याकडे थर्मास घेऊन माणूस एकाच ठिकाणी जातो, दवाखान्यात. शीला जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिनं काळजीनं सिद्धूला विचारलं, "काऊन रे, साथ आली का काही? सारं गाव ॲडमिट दिसते!"

"मम्मी, माटे आहे तो," सिद्धू हसत म्हणाला. माटे म्हणजे एका पाल्याचा कडू काढा. थर्मासातलं गरम पाणी पाल्यावर ओतत जायचं आणि दिवसभर पीत राहायचं. आपला चहा तसा त्यांचा माटे.

रविवारी लुसियाच्या घरी जायचं होतं आणि खरी परीक्षा तीच होती. सिद्धूची बदली पुण्याला होणार होती. लग्न करून लुसिया त्याच्याबरोबर इकडे येणार. तिचे आईवडील कबूल होते, पण तिची आजी अडून बसली होती. पोरगी आजीच्या अंगाखांद्यावर वाढलेली. माणसं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी माझी नात इतक्या लांब पाठवणार नाही, असं आजीनं सांगून टाकलं होतं. आणि आजीचं मन मोडून लुसिया येणार नव्हती. थोडक्यात, माझ्या पोराचं लग्न माझ्या वागणुकीवर अवलंबून होतं. शीलाला रात्रभर झोप आली नाही. मला मात्र छान लागली. माझ्या वागणुकीला काय झालं आहे?

गाडीत बसल्यावर सिद्धू म्हणाला, "पप्पा, तिथं माटे देतील. नाही म्हणू नका. आणि तो प्यायची एक रीत असते. म्हणजे असं, की..."

"चूप बैस!" मी म्हणालो. "जिंदगीभर पोरायले भूमिती शिकवली मी. आता तू मले पेनं शिकवतं काय बे?"

"आयकून तं घ्या!" शीला म्हणाली.

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. वरपित्यानं ऐकायचं नसतं, ऐकवायचं असतं!

अंगात पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्री. टॉवेल-टोपीची अपेक्षा मी ठेवली नव्हती, पण मुलाकडचे म्हणून थोडा रुबाब असावा, अशा बेतानं दारात पाऊल टाकलं. तर लुसियाच्या आईनं पुढं येऊन माझ्या गालाला गाल लावला आणि मुका घेतला! सावरतो न सावरतो तोच वडिलांनी तेच केलं. (तिकडची रीतच आहे. पण कुणाची दाढी माझ्या गालाला लागण्याची ती पहिलीच वेळ!) मी टोमॅटोसारखा लाल झालो. शीलानं सगळ्यांना खुशाल गाल दिला आणि माझ्याकडे बघून पदरात तोंड लपवून हसली.

शेवटी आजी उठली. लहानखुरी, पांढऱ्या केसांची, डोळे एकदम धारदार. तिनं मुका घेतला नाही. दोन्ही हात जोडले आणि सावकाश, एकेक अक्षर जपून म्हणाली, "जय भीम."

लुसियानं तिला शिकवलं होतं. शीलाच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हातारी आमची रीत शिकून बसली होती. मी काय शिकून गेलो होतो? काही नाही. गाडीत खिडकीबाहेर झाडं मोजत होतो.

अंगणात मोठ्या शेगडीवर मटण भाजत होतं आणि आम्ही सगळे गोल करून बसलो. आजीनं लहानशा भोपळ्याचा एक तुंबा घेतला. त्यात गच्च हिरवा पाला, पाल्यात रोवलेली एक धातूची नळी. तिनं थर्मासातलं पाणी ओतलं आणि पहिला घोट स्वतः घेतला. तुंबा रिकामा करून परत भरला आणि लुसियाच्या वडिलांना दिला. त्यांनी त्याच नळीनं ओढला. परत भरला, आईला दिला. तीच नळी! मग लुसिया, मग आमचा सिद्धू. तीच, तीच नळी! आमच्या घरात पाण्याच्या गडव्याला कुणी ओठ लावत नाही आणि हा माझा पोरगा परक्या माणसांचं उष्टं मिटक्या मारत पीत होता!

तुंबा माझ्या हातात आला. आजी रोखून बघत होती. नाही म्हणायचं नव्हतं आणि ओठही लावायचा नव्हता. पण भूमितीच्या मास्तरला मार्ग सुचणार नाही असं होईल का? मी नळी धरली आणि उपसून बाहेर काढली.

सगळं अंगण चिडीचूप झालं. (नळीला हात लावायचा नाही, ती हलवायचीसुद्धा नाही, हा तिथला पहिला नियम. सिद्धू गाडीत हेच सांगत होता म्हणे!) मला वाटलं, माझी युक्ती पाहून थक्क झाले. मी मान मागं टाकली, डोळे मिटले, आ वासला आणि तुंबा वर धरून तिरपा केला.

काही आलं नाही. पाला घट्ट बसला होता. मी आणखी तिरपा केला.

"पप्पा, थांबा!" सिद्धू ओरडला.

"काऊन हो पप्पा?" लुसिया किंचाळली. (तिचं मराठी सिद्धूनं शिकवलेलं, म्हणजे अस्सल मेहकरी!)

मी तुंब्याच्या बुडावर एक चापट मारली.

आणि सगळा पाला, गरम पाण्यासकट, एका दमात खाली आला! थोडा तोंडात, थोडा नाकात, थोडा मिशांत आणि बाकीचा सगळा त्या कडक इस्त्रीवर. मी आंधळ्यासारखा हात फिरवत उठलो तर खुर्ची पडली. तिला सावरायला गेलो तर थर्मास पडला. घरातला कुत्रा भुंकू लागला. शीलातली नर्स जागी झाली. "हलू नोका! तोंड उघडा! जीभ दाखवा!" आणि साऱ्या व्याह्यांसमोर वरपिता हिरवी जीभ बाहेर काढून उभा राहिला.

जीभ थंड पाण्यात बुडवून झाल्यावर आजीनं लुसियाला काहीतरी विचारलं. लुसियानं मला विचारलं, "आजी म्हनते, वरून काऊन पेले?"

मी सांगितलं. जीभ जड होती, तरी सांगितलं. माझ्या आजोबांना गावात कुणी भांड्याला हात लावू देत नसे. वरून पाणी ओतायचे, ते ओंजळीनं प्यायचे. पुढं शाळा आली, नोकरी आली, घरात आमचा नळ आला. ओंजळ गेली, पण ओठ लावायचा नाही हे घरात राहून गेलं. आजोबांनी वडिलांना शिकवलं, वडिलांनी मला. मी त्याला आजवर स्वच्छता म्हणत आलो.

लुसिया एकेक वाक्य आजीला सांगत होती. आजी उठली. तिनं तुंबा धुतला, नवा पाला भरला, नळी रोवली, पाणी ओतलं. पहिला घोट तिनं घेतला. मग परत भरून, कुणाकडे न देता, तो थेट माझ्या हातात ठेवला.

या वेळी मी ओठ लावले. कडू, भाजलेल्या जिभेवर आणखी कडू, पण शेवटपर्यंत प्यायलो. मला भरून आलं होतं. (डोळ्यांत पाणी आधीचंच असल्यामुळे कुणाला फरक कळला नाही.)

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला तिकडच्या भाषेतला एक शब्द येत होता. तुंबा परत देताना मी ऐटीत म्हणालो, "ग्रासियास!" म्हणजे धन्यवाद. आजीनं मान डोलावली आणि पुढच्या फेरीला तुंबा मला ओलांडून शीलाकडे गेला. त्याच्या पुढच्या फेरीलाही. तुंबा परत देताना आभार मानले की 'पुरे, आता मला नको' असं समजतात. (हेही गाडीतच सांगायचं राहिलं होतं!) शीला मात्र फेरीमागून फेरी ओढत होती आणि दर वेळी मला ओलांडताना आजी खुदकन हसत होती.

निघताना आजीनं माझ्या गालाचा मुका घेतलाच. वर लुसियाचा हात शीलाच्या हातात दिला आणि बराच वेळ काहीबाही बोलली. लुसिया रडत रडत हसत होती. "आजी म्हनते, लग्न मेहकरले करा. मी येतो. हा मानूस पानी कसा पेते, ते मले रोज पाहाचं हाये!"

तर लग्न ठरलं. आता लोक घरी येतात, कौतुकानं विचारतात, "सर, इतक्या लांब जाऊन आले, काय काय पाह्यलं?" मी घसा साफ करतो, खुर्ची पुढं ओढतो, तेवढ्यात आतून शीलाचा आवाज येतो.

"त्याईले काय विचारता? त्यायनं काईच नाई पाह्यलं. डोये मिटून, वर तोंड करून बसले होते!"