शिरसाठ यांनी यावर काही सांगितले नाही

हे मी आजवर कोणालाच सांगितलेले नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, ज्यांच्याशी याचा थेट संबंध आहे त्यांना तर नाहीच. या पुस्तिकेत ते सांगावे असेही ठरले नव्हते. या पानांवर एका नियमाची माहिती द्यायची होती. ती मी देणारच आहे — फक्त नियम कुठून आला तेही सांगणार आहे.

आधी मी कोण, ते. पंधरा वर्षे नाशिकच्या एका दैनिकात बातमीदार होते. ती नोकरी सोडल्यावर सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी वापराच्या पुस्तिका लिहू लागले. यंत्र कसे सुरू करायचे, पडद्यावर लाल अक्षरे आली तर काय करायचे, कोणाला फोन लावायचा. साध्या, नेमक्या मराठीत. हे काम मला येते. त्यामुळेच नाशिकच्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या आमच्या गटात शनिवारच्या बैठकीचे टिपण लिहायचे काम पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आले आणि अजून माझ्याकडेच आहे.

तुम्ही आपल्या गावात असा गट उभा करायला निघाला असाल, म्हणून ही पुस्तिका हातात घेतली असेल. तर ऐका. शनिवार — गटाला आम्ही तेच म्हणतो — भक्कम आहे. आज बैठकीला सभागृह लागते. एखाद्या कंपनीला मोठे काम मिळाले आणि माणसे कमी पडली, तर ती शेजारच्या कंपनीकडून मागते आणि तिला मिळतात. एकाचा सर्व्हर बसला तर दुसऱ्या तिघांची माणसे हातातले काम टाकून येतात. शिकून पुण्याला निघालेली मुले इथे थांबू लागली आहेत. हे मी कौतुकाने म्हणत नाही. माझ्याकडे प्रत्येक बैठकीचे टिपण आहे.

सुरुवातीला आम्ही सात-आठ जण होतो. गंगापूर रोडच्या पुढे एका मिसळीच्या ठिकाणी, आंब्याखाली, दोन टेबले जोडून बसायचो. महिन्याचा पहिला शनिवार, सकाळी नऊ. सगळ्यांना बोलावून आणले ते सुनील शिरसाठ यांनी. द्राक्षे आणि कांदा बाहेर पाठवणाऱ्यांसाठी ते लेबलांचे सॉफ्टवेअर बनवत. पहिल्याच बैठकीला त्यांनी नितीन अहेर यांनाही आणले. अहेर सटाण्याचे, आणि त्यांचाही धंदा नेमका तोच. सातपूरच्या कारखान्यांत उभे आयुष्य काढलेले खैरनार सर आमच्यातले वडीलधारे. ते म्हणाले, "सुनील, आपल्या दुकानासमोर दुसऱ्याला दुकान थाटून देणारा तू पहिलाच."

"सर, गिऱ्हाईक पुण्याला चाललंय," शिरसाठ म्हणाले. "आम्ही दोघं भांडून कोणाचं भलं होणार?"

गटाचे तत्त्व विचाराल तर एवढेच. बाकी सगळे त्याच्यातून आले.

त्यातली एक रीत मात्र सांगायला हवी. मिसळ संपली की मधोमध जिलेबीची बशी यायची. प्रत्येकाने महिन्याभरात काय फसले ते आधी सांगायचे, काय जमले ते नंतर. ज्याचे फसणे सर्वांत मोठे, त्याच्यापुढे बशी सरकवायची. मग बाकीच्यांनी मिळून त्याची अडचण सोडवायची. हसण्यावारी सुरू झालेली ही रीत, पण तिने माणसे बोलती केली. चूक सांगितली की गोड मिळते — हे कुठल्या धंद्यात पाहिले आहे तुम्ही? मी वही उघडली की खैरनार सर दर वेळी म्हणायचे, "पत्रकारबाई, हे छापायचं नाही हं." मी दर वेळी म्हणायचे, "आता छापत नाही सर, नुसतं लिहिते."

बशी माझ्यापुढे कधी आली नाही. मी कधी काही सांगितलेच नाही. टिपण लिहिणाऱ्याने कशाला सांगायचे?

द्राक्षाचा हंगाम ऐन भरात असताना एका शनिवारी बशी अहेरांपुढे गेली. पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमध्ये त्यांच्या सॉफ्टवेअरने खोक्यांवर चुकीची लेबले छापली होती. एका शेतकऱ्याची द्राक्षे, त्यावर दुसऱ्याच्या बागेचे नाव. असा माल परदेशात पोचला तर अख्खा कंटेनर नाकारला जातो. नशिबाने गाडी भरण्याआधी लक्षात आले. पॅकहाउसमधल्या बायकांनी सकाळपासून दुपारपर्यंत बसून एकेक लेबल सोलले आणि नवे चिकटवले. अहेरांनी यातले काही झाकले नाही. मन अस्वस्थ असले की त्यांच्या तोंडी घरची अहिराणी येते. "चूक मनीच शे," म्हणाले. जिलेबीला हात लावला नाही.

शिरसाठ आपले काम सोडून दोन दिवस त्यांच्याकडे जाऊन बसले. चूक सापडली. दोन गावांत एकाच गट नंबरच्या दोन बागा होत्या आणि सॉफ्टवेअर फक्त गट नंबर पाहत होते, गाव पाहतच नव्हते. दुरुस्ती झाली. ती चूक पुन्हा कधी झाली नाही. हे मी मुद्दाम नोंदवते आहे — कारण दुरुस्ती झाली हे मला माहीत होते. पुढे जे घडले तेव्हाही माहीत होते.

पंधरा-वीस दिवसांनी मी पिंपळगावला गेले होते. तिथे बऱ्याच पॅकहाउसचे मालक असलेले एक गृहस्थ आहेत; लेबलांचा घोळ झाला ते पॅकहाउस मात्र त्यांचे नव्हते. त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही नानाच म्हणेन. बातमीदारीपासूनची ओळख. हायवेवरून चाललेच होते, चहाला थांबले. नाना सगळ्या पॅकहाउसना एकच सॉफ्टवेअर बसवणार होते आणि ते काम अहेरांना द्यायचे जवळजवळ ठरले होते. असे काम त्याआधी आमच्यातल्या कोणालाच मिळाले नव्हते. हे मिळाले असते तर नाशिकच्या माणसाला नाशिकमध्ये मोठे काम मिळते, हे सगळ्यांना दिसले असते.

नानांनी विचारले, "तो अहेर तुमच्यात बसतो ना मॅडम? माणूस कसा हाय?"

चांगला आहे, मी म्हटले. नाना काही बोलले नाहीत. चहा ढवळत राहिले. बातमीदारीत एक युक्ती असते — समोरच्याने उत्तर दिले की लगेच पुढचा प्रश्न विचारायचा नाही. गप्प राहायचे. ती शांतता माणसाला सोसत नाही, आणि तो न विचारलेलेही सांगतो. ही युक्ती मी शेकडो वेळा वापरली आहे. ती मला कळत नव्हती असे कसे म्हणू?

मी म्हटले, "लेबलांचं तेवढं एकदा झालं होतं त्यांचं. विचारून घ्या."

"कुठल्या लेबलांचं?"

मग मी सांगितले. पॅकहाउस, खोकी, सोललेली लेबले, सगळे. दुरुस्ती झाली, हे सांगितले नाही. नानांनी विचारले नाही, हे खरे. मीही सांगितले नाही, हेही खरे.

का सांगितले? यात माझा काही फायदा नव्हता. अहेरांशी वाकडे नव्हते. नानांकडून मला काही मिळवायचे नव्हते. मला आतली गोष्ट माहीत होती, आणि मला ती माहीत आहे हे नानांना कळावे असे वाटले. एवढेच. याहून मोठे कारण मी पुष्कळ शोधले. सापडले नाही.

काम पुण्याच्या कंपनीला गेले. नानांनी अहेरांना फोनवर स्पष्ट सांगितले की तुमचा लेबलांचा घोळ आमच्या कानावर आला आहे. कोणाकडून, ते सांगितले नाही.

पुढच्या शनिवारी अहेर आले आणि मिसळ मागवलीच नाही. उभ्यानेच त्यांनी विचारले, "इथं बोललेलं पिंपळगावला गेलं कसं?"

अहेरांचे काम गेल्याने भले कोणाचे होणार होते? त्यांच्यासारखाच धंदा कोणाचा होता? दोन दिवस बसून त्यांचे सॉफ्टवेअर आतून कोणी पाहिले होते? हे प्रश्न कोणी मोठ्याने विचारले नाहीत. सगळ्यांच्या माना मात्र एकाच बाजूला वळल्या. शेवटी खैरनार सर म्हणाले, "सुनील, तुझं नानांकडे जाणं-येणं असतं. काही विषय निघाला होता का?"

शिरसाठ बराच वेळ गप्प राहिले. ते कोणाकडे पाहत होते, मला सांगता येणार नाही. मी वहीत पाहत होते. मग त्यांनी हातातला पावाचा तुकडा ताटात ठेवला, उठले आणि हात धुवायला गेले.

मी लिहिले: शिरसाठ यांनी यावर काही सांगितले नाही.

या वाक्यात एक अक्षर खोटे नाही. वर्तमानपत्रात असे वाक्य रोज छापून येते. एका बाजूवर आरोप होतो, ती बाजू बोलत नाही, आणि बातमीदार तेवढेच लिहितो. वाचणाऱ्याला काय समजायचे ते समजते. मला हे माहीत नव्हते का? पंधरा वर्षे मी तेच केले होते. दुपारी टिपण सगळ्यांना पाठवले. जे बैठकीला नव्हते त्यांनीही वाचले.

शिरसाठांना कोणी काढले नाही. आमच्याकडे असे कोणी करत नाही. फक्त कामे वाटताना त्यांचे नाव निघेना. भेटले की लोक म्हणायचे, "अरे, तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं." हाताखाली शिकवून तयार केलेली त्यांची दोन माणसे अहेरांकडे गेली. एका गावातून आलेले, एका कॉलेजात शिकलेले शिरसाठ आणि अहेर रस्त्यात दिसले तरी बोलेनासे झाले. चार महिन्यांनी शिरसाठ यायचे थांबले. गट ज्यांनी जमवला, त्यांची खुर्ची गटातून गेली, आणि त्या बैठकीच्या टिपणात मी लिहिले की उपस्थिती नेहमीप्रमाणे होती.

त्यानंतर नियम झाला — इथले इथेच. नवीन सभासदाने पहिल्या दिवशी उभे राहून तो म्हणायचा. शब्द माझे आहेत. खैरनार सर सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंनी मोजक्या शब्दांत बसवलं." हा नियम चालतो. त्याच्याच जोरावर आज दीडशे माणसांसमोर एखादा आपली चूक सांगू शकतो. तुम्हीही तो जरूर ठेवा. नियमात दोष नाही.

गेल्या हंगामात पिंपळगावला एका शीतगृहाचे काम होते. जिन्यावर शिरसाठ भेटले. वरच्या मजल्यावर त्यांचे कार्यालय आहे. शीतगृहांतले तापमान फोनवर दाखवणारी यंत्रणा ते बनवतात, आणि धंदा नीट चालला आहे. त्यांनी चहाला बोलावले. हंगामाबद्दल बोलले, मुलीच्या शाळेबद्दल बोलले. शनिवारचा विषय निघाला नाही. मी निघायला उठले तेव्हा ते म्हणाले, "नानांनी मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं, मॅडम. तुमच्या नावासकट."

मी विचारले — मी विचारले — "मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही समोरच होता. म्हटलं, तुम्ही बोलाल. म्हणून थांबलो." त्यांनी चहाचे कप उचलून बाजूला ठेवले. "मग दुपारी टिपण आलं."

जिन्यापर्यंत सोडायला आले. खालची पायरी फुटलेली आहे, सांभाळून उतरा, म्हणाले.

त्यानंतर मी सरळ अहेरांकडे गेले असेन, असे तुम्हाला वाटेल. नाही गेले. त्यानंतरच्या प्रत्येक शनिवारी मी नेहमीच्या जागी बसून टिपण लिहिले.

आता ही पुस्तिका. अहेर आज गटाचे अध्यक्ष आहेत. त्यांचा निरोप आला, की नियमाच्या पानावर ती जुनी गोष्ट नाव न घेता टाका, मॅडम. एका सदस्याकडून विश्वासभंग झाला, एवढेच. मी लिहिले: एका सदस्याकडून विश्वासभंग झाला. वाचून पाहिले. हेही वाक्य खरे होते, शब्दन् शब्द. वाचणारा प्रत्येक जण शिरसाठ समजला असता. दुसऱ्यांदा मी एका खऱ्या वाक्याने तेच करत होते.

ते वाक्य काढून त्या जागी हे लिहिले आहे. छापायला देण्यापूर्वी अहेरांना आणि शिरसाठांना पाठवते आहे. टिपणांच्या सगळ्या वह्या गटाच्या कार्यालयात ठेवल्या आहेत. उद्या पहिला शनिवार. टिपण दुसऱ्या कोणाला तरी लिहावे लागेल, कारण मला बोलायचे आहे.

चुकीची बातमी छापली गेली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींची दुरुस्ती येते. तिच्यात कारण द्यायची पद्धत नाही. चूक काय होती आणि बरोबर काय, एवढेच.

दुरुस्ती: अहेर यांच्या कामासंबंधीच्या बैठकीच्या टिपणात "शिरसाठ यांनी यावर काही सांगितले नाही" असे वाक्य आहे. त्याच्या पुढची दोन वाक्ये राहून गेली. ती अशी. टिपण लिहिणारीनेही काही सांगितले नाही. नानांना तिनेच सांगितले होते.