वास दोन तोंडांचा

नका हसू हो आधीच! चहा पाजून राहिले म्हणून सांगतो, नाहीतर ही फजिती मी आजवर पोटातच ठेवली होती.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. मी लाखनीत मास्तर होतो. एका सकाळी आमची मांजर चंपी ओकायला लागली. तोंडाला लाळ, पाय लटपट! बायको रडायला लागली. मी? मी संशय घेतला. स्वभावच तो माझा.

शेजारी एकनाथजी. कालच चंपीनं त्यांचं दूध पिलं होतं अन् ते ओरडले होते, "पाहूनच घेतो हिले एक दिवस!" झालं! आणखी काय पुरावा पाहिजे?

मी कुंपणावरूनच गरजलो, "एकनाथजी, काय खाऊ घातलं मांजरीले?"

"मी कायले घालू? डोकं फिरलं का मास्तर?"

"मांजर मारल्याचं पाप फेडाले काशीले सोन्याची मांजर द्या लागते, मालूम आहे ना?"

माणूस घाबरला. चंपीला पिशवीत घातलं अन् एकनाथजींना हाताला धरून दवाखान्यात नेलं. आरोपी पळाला तर? मागून बायको मिठाच्या पाण्याचा गडवा घेऊन.

जनावरांचे डॉक्टर आधी गडव्यावरच खेकसले, "मीठपाणी पाजू नका, हालत आणखीन खराब होईन! काय खाल्लं ते सांगा." मग त्यांनी चंपीचं तोंड हुंगलं. "झिंगे अन् लसूण! लसूण जहर आहे मांजरीले."

लसूण? भर चातुर्मासात? अहो, कांदेनवमीला गल्लीसमोर सगळ्यात मोठ्यानं मीच तर सोडला होता! वर रोज दुसऱ्यांच्या पाट्यावर नजर ठेवायचो. मी डॉक्टरांच्या तोंडाशी वाकून ओरडलो, "पाहा! हा पापी चोरून लसूण खाते! याच्या घराची झडती घ्या!"

डॉक्टर थबकले. एकदा चंपीला हुंगलं, एकदा मला.

"मास्तर, वास दोन तोंडातून येऊन राहिला."

अरे देवा! सकाळीच धानाच्या ढोलीमागे लपून मी शिळ्या भातासोबत चोरून आणलेली लसूण-झिंग्याची चटणी हाणली होती. डब्याचं झाकण लावायचं राहिलं!

"बोला लवकर, किती होती? तिच्या जिवाचा सवाल आहे."

बायकोचं रडणं थांबलं होतं. ती माझ्याकडे पाहत होती.

"दोन चमचे उरली होती," मी पुटपुटलो.

"मग वाचते. पण चार दिवस हिरड्या पाहा. पांढऱ्या पडल्या तं लगेच आणजा."

 एकनाथजींनी माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

चंपी वाचली हो! पण तेव्हापासून घरात काही सांडलं, उष्टं झालं, की बायको मांजरीकडे पाहत नाही. आधी माझं तोंड हुंगते.